देहदान: वडील म्हणतात "माझा देह", चुलते म्हणतात "आमचा माणूस"

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७८ वर्षांचे, धडधाकट, देहदानाचा अर्ज भरायचा म्हणतात. आई म्हणते, "बेवारशासारखं करायचं काय? मुक्ती कशी मिळायची?" थोरले चुलते म्हणतात, रक्षाच नाही तर रक्षाविसर्जन कसलं करणार आणि भावकीला काय सांगणार. तुमचं स्वतःचं कुतूहल वेगळं आहे: पूर्वीची माणसं देहाला काय समजत होती, आणि आपण इतके बदललो कधी? शिवाय अर्ज भरल्यावर प्रत्यक्षात काय होतं, तेही तुम्हाला हवंय.

शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माणसापुढे हे सगळे प्रश्न बहुतेक वेळा एकाच कुटुंबाकडून, एकाच दमात येतात. वरवर वाद धर्माचा दिसतो, पण उकलत गेलात की खाली मालकीचा वाद निघतो. वडिलांच्या मनात देह त्यांचा आहे, चुलत्यांच्या मनात तो घराण्याचा आहे. आईला दोन्हींशी फारसं देणंघेणं नसतं, तिला त्या देहाची अप्रतिष्ठा नको असते. तिघांच्या मागे वेगवेगळ्या काळातला विचार उभा आहे, म्हणून आधी जुनं सांगतो आणि मग अर्जाकडे येतो.

'पिंड' हा शब्द बघा. 'पिंडी ते ब्रह्मांडी' म्हणताना पिंड म्हणजे देह. दहाव्याला कावळ्यापुढे ठेवतात तो भाताचा गोळाही पिंडच. आणि "त्याचा पिंडच पैलवानाचा" म्हणतो तेव्हा पिंड म्हणजे स्वभाव. देह, पितरांचं अन्न आणि माणसाचं मीपण यांना एकच शब्द पुरत होता, कारण त्यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा या धर्मशास्त्रावरच्या ग्रंथात 'सपिंड' शब्दाचा अर्थ लावताना असं धरलं, की ज्यांच्यात एकाच देहाचे अंश उतरलेत ते सपिंड. बापाचा देह मुलात, आजोबांचा नातवात. बंगालच्या दायभाग या ग्रंथाने हेच नातं पिंडदानावरून मोजलं, आपल्याकडे मात्र मिताक्षरा चालली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सपिंड नातं वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत मोजतात. तेव्हा चुलत्यांच्या "आमचा माणूस"ला नुसता हेका समजू नका. त्यांच्या हिशोबात त्या देहात त्यांचाही वाटा आहे.

हा दावा तेव्हाही एकमुखी नव्हता. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला 'क्षेत्र' म्हटलंय. १२९० च्या ज्ञानेश्वरीत त्या क्षेत्राचं खरोखरचं शेत होतं आणि त्याचा मालक कोण यावर वहिवाटीचा दावा उभा राहतो. जीववादी म्हणतात, जमीन जीवाची; प्राण हे त्याचं कूळ, राबणारे चार भाऊ, मन कारभारी आणि इंद्रियं बैल. सांख्य उठून म्हणतात, जमीन प्रकृतीची. जीव वाटेवरचा वस्तीकर. मग आणखी मतवाले येतात आणि शेवटी काळवाले. सातबाऱ्यावर इतकी नावं चढलेलं शेत आमच्या करवीर तालुक्यातही सापडायचं नाही. पण एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे: दावेदारांच्या या रांगेत 'अमुकतमुक, वय ७८, राहणार कोल्हापूर' असा कुणी नाही. नावगाव असलेला एकटा माणूस आपल्या देहाचा मालक असतो आणि तो मरणानंतर कुणाला द्यायचा हे ठरवू शकतो, ही कल्पना त्या वादात पक्षकार म्हणूनही हजर नाही. तुमचे वडील जे म्हणतायत ते म्हणूनच नवं आहे.

चिरून पाहणं मात्र नवं नाही. आईला हे सांगून बघा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, प्रेत कसं तयार करायचं ते दिलंय. सर्व अवयव शाबूत असलेलं, विषाने न मेलेलं, दीर्घ आजाराने न खंगलेलं, शंभरी न गाठलेलं प्रेत निवडायचं. आतड्यातला मळ काढायचा. मुंज गवत, झाडाची साल, कुश किंवा ताग यांत गुंडाळून पिंजऱ्यात घालायचं आणि आडबाजूला वाहत्या पाण्यात ठेवायचं. सात रात्रींनी नीट कुजलं की बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. गंमत अशी की निवडीच्या या अटी आजच्या देहदानाच्या पत्रकातल्या अटींशी बऱ्याचशा जुळतात. त्याच अध्यायात पुढे स्पष्ट म्हटलंय, की देहातला तो अतिसूक्ष्म 'विभू', म्हणजे आत्मा, या डोळ्यांना दिसणार नाही, त्याला ज्ञानाचे आणि तपाचे डोळे लागतात. म्हणजे कापणाऱ्याला माहीत होतं की आपण ज्याला कापतोय तो 'तो' नव्हे. आईच्या मुक्तीच्या प्रश्नाला याहून जुनं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक बारीक गोष्ट आहे. सुश्रुत म्हणतो, वेदवादी हाडं ३६० मानतात, शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, ती ३०० च. चरकाच्या यादीतही ३६० आहेत. आज आपण प्रौढ माणसात २०६ शिकवतो. जुनी माणसं चुकली असं मुलं पटकन म्हणतात. पण चरकाच्या मोजणीत दात, दातांच्या खोबण्या आणि नखंसुद्धा हाडांतच धरलीत, सुश्रुताने कूर्चाही, म्हणजे मऊ हाडंही, मोजल्यात. आता हा ३६० चा आकडा धर्मशास्त्रात कुठे येतो बघा. माणूस परगावी मेला, पुरात वाहून गेला, देह सापडलाच नाही, तर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याचा दाह करायचा विधी आहे. पालाशविधी म्हणतात तो. एका हाडाला एक देठ. देह हाती नसताना काय करायचं याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे.

आणि दहा दिवसांचे पिंड? गरुडपुराणाच्या मांडणीत मेलेल्याला पुढच्या प्रवासासाठी नवा देह लागतो आणि तो रोजच्या पिंडाने घडतो. पहिल्या पिंडाने डोकं, मग खाली एकेक अंग, दहाव्याने भूक आणि तहान. जुना देह पंचगंगेवर शेणींत जळला की शेंडा पार्कला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात टेबलावर आहे, याने त्या हिशोबात फरक पडत नाही. दहावं, बारावं, तेरावं सगळं देहदानानंतर करता येतं आणि लोक करतातही.

हे उत्तर घराण्याप्रमाणे बदलतं, हे मान्य केलं पाहिजे. जैन घरात हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, कारण जीव देह सोडतो तो क्षणार्धात पुढच्या जन्मात जातो, मध्ये भटकत नाही. लिंगायत घरात उलट आहे. तिथे इष्टलिंगासह बसवून माती देतात, म्हणून गडहिंग्लजकडच्या कुटुंबांची खरी अडचण 'जाळणार नाही' ही नसते, 'बसवणार नाही' ही असते. अशा घरी आधी आपल्या स्वामींशी बोललेलं बरं. तुमच्या प्रश्नात रक्षाविसर्जन आलंय म्हणून मी दहनाची रीत धरून लिहितोय.

आता आईचा तो एक शब्द: 'बेवारशासारखं'. तो तिने कुठल्या पोथीतून घेतलेला नाही. इंग्लंडात १७५२ च्या कायद्याने फाशी दिलेल्या खुन्याला फाशीवर आणखी शिक्षा म्हणून विच्छेदन सांगितलं होतं. पुढे प्रेतं पुरेनात. १८२८ साली एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी माणसं मारून प्रेतं विकल्याचं उघड झालं, तेव्हा १८३२ च्या कायद्याने अनाथ-आश्रयगृहांतल्या, कुणी न्यायला न आलेल्या गरिबांची प्रेतं महाविद्यालयांना मिळायला लागली. खुन्यावरचा डाग असा गरिबावर आला. जेरेमी बेंथम हा तत्त्वज्ञ त्याच वर्षी वारला. आपल्या देहाचं विच्छेदन व्हावं असं त्याने लिहून ठेवलं होतं आणि ते तसं झालंही. 'माझा देह, मी ठरवणार' हा सूर तिथे स्वच्छ ऐकू येतो. आपल्याकडे कलकत्त्यात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्तांनी विच्छेदन केलं, १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, आणि मुंबई प्रांताचा १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा झाला तोही मुळात बेवारस मृतदेहांसाठीच. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं टेबलावर फक्त ज्याचं कुणी नाही तोच आला. आईला भीती आहे ती त्या रांगेत नवऱ्याला उभं करण्याची. मोक्षाचे दाखले देऊन ती जात नाही. महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात नेऊन, देह कसा ठेवतात आणि मुलं पहिल्या दिवशी हात जोडून शपथ कशी घेतात, हे दाखवलं की थोडी जाते.

पुढचं भरभर सांगतो. १९६७ मध्ये पहिलं हृदयप्रत्यारोपण झालं, १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले, १९९४ मध्ये आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. तोवर मरण म्हणजे श्वास आणि नाडी थांबणं होतं. आता हृदय धडधडत असलेला माणूसही कायद्याने मृत असू शकतो आणि देहाचे भाग वेगवेगळ्या घरी जाऊ शकतात. विचारसरणीने हे अडत नाही. २०१० च्या जानेवारीत ज्योती बसू गेले आणि फेब्रुवारीत नानाजी देशमुख. एक साम्यवादी, दुसरे संघाचे. दोघांचेही देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिले गेले.

आता अर्ज. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा: वडिलांचा अर्ज ही इच्छा आहे, हुकूम नाही. मृत्यूनंतर देह ताब्यात असतो वारसांच्या आणि देह स्वीकारताना सही लागते त्यांची. अर्ज दहा वर्षांपूर्वी भरलेला असो, त्या दिवशी पत्नी किंवा मुलगा "नको" म्हणाला तर कुठलंही महाविद्यालय देह ओढून नेत नाही, आणि नेऊही नये. उलट बाजूने, अर्ज भरलेला नसतानाही वारसांनी ठरवलं तर देहदान होऊ शकतं. वडिलांचा 'माझा देह' आणि चुलत्यांचा 'आमचा माणूस' यांच्यात व्यवहाराने शेवटचा शब्द अजून घरच्यांनाच ठेवलाय.

म्हणून अर्जावर वडिलांची सही सगळ्यात सोपी असते. साक्षीदार म्हणून आई आणि तुम्ही सही करा. बहीण असेल तर तिचीही लेखी संमती घ्या. लग्न होऊन गेलेल्या मुलीला विचारायचं राहून जातं आणि नेमकी तीच त्या दिवशी पुण्याहून येईपर्यंत थांबायला सांगते, हा नेहमीचा घोळ आहे. चुलत्यांची सही कायद्याने लागत नाही, पण त्यांना अर्ज भरताना बरोबर घ्या. फोटो, आधारच्या प्रती आणि भरलेला अर्ज विभागात दिला की नोंदीचं कार्ड किंवा पत्र मिळतं. त्याच्या प्रती करून एक पाकिटात आणि एक घरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, विभागाच्या नंबरासकट.

त्या दिवशीचा क्रम असा. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या: रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४अ. घरी मृत्यू झाला की इथेच गाडी अडते, कारण ज्यांनी शेवटचं तपासलेलं नाही ते डॉक्टर सही करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. वडिलांना नियमित पाहणारे एक डॉक्टर ठरलेले असू द्या. मग विभागाला फोन. फोन न करता गाडी काढू नका. सीपीआर हे सरकारी रुग्णालय दसरा चौकापाशी आणि महाविद्यालयाचं आवार शेंडा पार्कला, अशी फाटाफूट असली की लोक देह घेऊन सीपीआरच्या दारात उभे राहतात. घरी अंघोळ, नवे कपडे, तुळशीपत्र, दर्शन सगळं करा; दीड-दोन तास त्याला खुशाल द्या. अंगावरचा दागिना उतरवा, पेसमेकर असेल तर सांगा. सुपूर्द केल्यावर देह मिळाल्याचं पत्र घ्या. स्मशानातल्या पावतीच्या जागी मृत्यूनोंदणीला तेच लागतं, आणि नोंदणी २१ दिवसांत करायची असते.

वेळेचं म्हणाल तर बर्फाविना सहा-आठ तासांच्या आत देह पोहोचावा. शवपेटीत थंड ठेवला तर साधारण दिवसभर निभतं. मे महिन्यात हा हिशोब आखडता घ्या. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर पडली की गाडी कुठून आणायची हाच प्रश्न होतो. २०१९ मध्ये महामार्गच बंद होता.

इतकी घाई का, ते सांगतो. नको असेल तर हा परिच्छेद सोडा. देह टिकवण्यासाठी मांडीच्या मुळाशी दोन-अडीच इंचांचा छेद घेऊन मोठी धमनी उघडतात आणि तिच्यातून आठ ते दहा लिटर द्रावण आत सोडतात. बाटली पाच-सहा फूट उंच टांगली की ते स्वतःच्या वजनाने उतरतं. काही ठिकाणी पंप वापरतात. द्रावणात फॉर्मेलिन असतं, ते प्रथिनं एकमेकांत गुंफून कुजणं थांबवतं. ग्लिसरीन ऊती मऊ ठेवतं, फिनॉल बुरशी मारतं, स्पिरिटमुळे द्रावण खोलवर पोहोचतं. रक्तवाहिन्यांतूनच हे सगळीकडे जायचं असतं. उशीर झाला की आत गुठळ्या झालेल्या असतात. मग द्रावण बोटांच्या टोकांपर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत पोहोचत नाही आणि तेवढा भाग आतून जातो. दहा-पंधरा मुलांच्या वाट्याला एक देह येतो. त्यात हातच गेला तर हातातल्या नसा ती मुलं पुस्तकातच बघणार.

नकार येण्याची कारणंही यातूनच कळतात. शवविच्छेदन झालं असेल तर वाहिन्या कापलेल्या असतात, द्रावण गळून जातं. अपघात, आत्महत्या, विषबाधा, जळणं यांत शवविच्छेदन अटळ असल्याने तो देह चालत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, क्षय, सर्वांगात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर शिकणाऱ्यांना धोका असतो. फार लठ्ठ देह, अंथरुणाला खिळून झालेल्या मोठ्या जखमांनी झिजलेला देह किंवा अवयवदान झालेला देह बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. डोळे दिले असतील तर मात्र चालतं. यातलं काय होईल हे आज कुणालाच ठाऊक नाही, म्हणून वडिलांनी आपल्या तोंडाने चुलत्यांना दोन्ही सांगावं: घेतला तर महाविद्यालय, नाही घेतला तर पंचगंगा.

रक्षेचं काय? अभ्यास दोन-तीन वर्षं चालू शकतो, हाडं पुढेही शिकवायला ठेवतात. त्यामुळे रक्षा परत मिळेल असं धरून चालू नका. विभागाला आधीच विचारा. तिसऱ्या दिवशी भावकी जमणारच. आपल्या जिल्ह्यात हल्ली बरेच जण रक्षा नदीत न सोडता शेतात झाडाच्या मुळाशी घालतात. रक्षा नसली तरी त्या सकाळी त्याच लोकांना बोलावून झाड लावता येतं, आणि पुरोहित तयार असतील तर दर्भाच्या किंवा पळसाच्या पुतळ्याचा विधीही करता येतो. मला पुतळ्याचा सल्ला जास्त बरा वाटतो. चुलत्यांना काहीतरी हाताने करायला मिळतं.

आणि आईने शेवटपर्यंत नाहीच म्हटलं, तर? मी तरी तिच्याशी भांडून देहदान करा असं सांगणार नाही. पुढची वर्षं तिला त्या घरात काढायची आहेत. त्यापेक्षा नेत्रदान करा. त्याला वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी अडत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करावं लागतं, नेत्रपेढीची माणसं घरी येतात आणि पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. चेहरा विद्रूप होत नाही. त्यानंतर देह तिच्या समोर असतो, नेहमीसारखा घाटावर जातो, रक्षाही मिळते. फोन केल्यावर ते येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, डोकं उशीने सहा इंच उंच करा आणि खोलीतला पंखा बंद करा. पंखा चालू राहिला तर बुबुळ सुकतं.